येळवशीच्या दिवशीचा टँकर

चंद्रप्रभा देगलूरकरच्या दाढा झिजल्या होत्या. नांदेडच्या दाताच्या डॉक्टरनं तिला आरशात दाखवलं आणि विचारलं, या वयात एवढी झीज सहसा दिसत नाही, तुम्ही दात-ओठ खाता का? नवरा मुकुल बाहेर बाकावर बसला होता. उत्तर त्यानंच दिलं, "दुसरं काय खाते ती?"

मुकुल नांदेडला कॉलेजात शिकवायचा. चंद्रप्रभा आठवडाभर लातूरला खोली करून राहायची, शनिवारी घरी यायची. प्रदूषण नियंत्रणाच्या खात्यात ती क्षेत्र अधिकारी होती. ओळखीपाळखीच्या लोकांना या नोकरीचा अर्थ कधी नीट कळला नाही. कुणी तिला गाडीचं पीयूसी कुठं मिळतं ते विचारायचं, कुणी शेजाऱ्याच्या डीजेची तक्रार सांगायचं. तिचे वडील वसंतराव शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यांना मात्र लेकीचा फार अभिमान. आपली चंदू कारखाने बंद करते, असं ते फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगत. चंद्रप्रभानं त्यांना अनेकदा समजावलं होतं की ती कारखाने बंद करत नाही. ती जाते, पाहते, नमुना घेते, अहवाल लिहिते. बंद करायचं की नाही ते वर ठरतं. तिच्या हातात बाटली होती, कुलूप नव्हतं. पण म्हाताऱ्याला ते पटायचं नाही.

तिच्या वाट्याला साखर कारखाने होते, डाळ मिल होत्या, सोयाबीनचं तेल काढणारे कारखाने होते, दवाखाने आणि वीटभट्ट्याही होत्या. या सगळ्यांत तिच्या डोक्यात जाऊन बसली होती ती औसा तालुक्यातली अन्नदा डिस्टिलरी. मळीपासून स्पिरिट काढणारा हा कारखाना लिंबसांगवी नावाच्या गावाच्या वरच्या अंगाला, माळावर उभा होता. स्पिरिट काढून झालं की मागं जे काळं, आंबूस, उकळतं पाणी उरतं, ते कारखान्यानं आतल्या आत आटवून त्याचं खत करायचं, एक थेंबही कुंपणाबाहेर सोडायचा नाही, या अटीवर त्याला परवानगी मिळालेली होती. कागदावर कारखान्याला बाहेर जाणारा पाइपच नव्हता. जुना एक पाइप होता, तो बुजवून त्याच्यासमोर कॅमेरा बसवला होता. लातूरच्या ऑफिसातल्या संगणकावर तो कोरडाठाक पाइप दिवसभर दिसायचा. कधी कधी त्याच्यावर एक साळुंकी येऊन बसायची.

अन् खाली लिंबसांगवीतल्या विहिरी चहासारख्या लाल होत चालल्या होत्या.

तक्रार घेऊन पहिल्यांदा आली ती गुणाबाई. साठी ओलांडलेली, नवरा वारलेला, घरची जमीन मुलगा बालाजी आणि सून आरती यांच्या जोडीनं स्वतः कसणारी बाई. तिनं येताना विहिरीचं पाणी तांब्याभर आणलं होतं, तोंडाला फडकं बांधून. टेबलावर तांब्या ठेवून ती म्हणाली की हे आधी तुमी वास घिऊन बगा, मग मी बोलते. चंद्रप्रभानं वास घेतला आणि तिला बसायला खुर्ची दिली.

त्यानंतर चंद्रप्रभा लिंबसांगवीला किती वेळा गेली याची मोजदाद नाही. विहिरीचे नमुने घेतले, ओढ्याचे घेतले, प्रयोगशाळेकडून अहवालही आले, त्यात पाणी खराब असल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. अहवाल जोडून तिनं कारखान्याला नोटीस बजावण्याची शिफारस केली, नोटीस गेली, उत्तर आलं. उत्तर निटुऱ्यांच्या सहीचं होतं. निटुरे म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. बोलायला मऊ, कधी आवाज चढवायचे नाहीत, आल्या आल्या थंड पाणी पुढे करायचे. त्यांचं म्हणणं असं की विहीर खराब आहे हे खरं, पण ती आमच्यामुळे खराब आहे हे कशावरून? आमच्याकडे बाहेर पाणी जाणारं तोंडच नाही. तोंड दाखवा, नमुना घ्या, आम्ही सही करू.

चंद्रप्रभानं कुंपणाला चारी बाजूंनी वळसा घातला, एकदा नव्हे, दर भेटीला. बाभळीच्या काट्यांनी साडी फाटली, तेव्हापासून ती पंजाबी ड्रेस घालायला लागली. तोंड सापडलं नाही. लातूरला साहेबांना सांगितलं तर साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे मॅडम, पण पुरावा कुठाय?" साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या अंगावर दोन जिल्हे होते, ऑफिसात माणसं अपुरी होती, आणि निवृत्ती जवळ आलेली होती. ते प्रत्येक वाक्य 'तुमचं बरोबर आहे' असंच सुरू करायचे. चंद्रप्रभाला पुढं पुढं त्या तीन शब्दांचाच संताप यायला लागला.

गुणाबाईचाही धीर सुटत चालला होता. गावानं तिला वेड्यात काढलं होतं. कारखान्यात गावातली पोरं कामाला होती, गावात पाण्याचा टँकर कारखानाच पाठवायचा, मंदिराचा सभामंडप कारखान्यानंच बांधून दिला होता. सगळ्यांत जास्त चिडायचा तो तिचा धाकटा दीर, बसवंत. त्याचं रान तिच्या रानाला लागून, वरच्या अंगाला. त्याचा मुलगा हरिओम कारखान्याच्या कंत्राटदाराकडे ड्रायव्हर होता. हरिओमची आई तो लहान असतानाच गेली, आणि तेव्हापासून तो गुणाबाईच्याच चुलीवर जेवून मोठा झालेला. बसवंत म्हणायचा की वैनी, तुझ्या एका हिरीपायी पोराच्या पोटावर पाय देऊ नको. पोराच्या पोटावर पाय द्यायची गुणाबाईची इच्छा कधीच नव्हती.

त्या वर्षी येळवस आली. वेळा अमावस्येला लातूरकडं सगळं गाव रानात जातं. सरकारी कचेऱ्यांना सुट्टी असते, बाजारपेठ बंद, रस्ते ओस. गुणाबाईनं चंद्रप्रभाला रानात जेवायला बोलावलं. सुट्टीला नांदेडला जायचं तिच्या मनात होतं; पण गुणाबाई म्हणाली की तुमी माज्या रानात कायम बाटल्याच घिऊन येता, एकदा तरी हात धुऊन जेवायला या. मग नाही म्हणवेना. ती औशाच्या बसनं गेली. पाठीवरच्या पिशवीत मात्र नमुन्याच्या बाटल्या, सील करायची लाख, शिक्के होतेच. सामान घरी ठेवून बाहेर पडायचं तिनं केव्हाच सोडलं होतं.

शाळू कमरेएवढा झाला होता, हरभऱ्याला घाटे धरले होते. कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा झाली, बालाजीनं रानाला आंबिलीचा फेर घातला. पंगत बसली. पंगतीत बसवंतही होता, सण असल्यानं वैर बाजूला ठेवून आलेला. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातली ताकाची आंबील. आरती वाढत होती. चंद्रप्रभाला पहिल्यांदाच या गावात कुणी 'मॅडम' न म्हणता 'ताई, घ्या की' म्हटलं. तिनं आंबिलीचा दुसरा ग्लास तोंडाला लावला, आणि तिला वास आला.

तो वास तिच्या नाकात कायमचा बसलेला होता. ती उठली. वरच्या अंगाला, बसवंतच्या रानाच्या टोकाला मुरमाची एक जुनी खदान होती. रस्त्यासाठी मुरूम काढून नेलेला, मग ती तशीच पडलेली. भोवती वेड्या बाभळी माजल्या होत्या, त्यामुळे खालून ती दिसायची नाही. तिथं एक टँकर खदानीकडं पाठ करून लावला होता आणि त्याच्या मागच्या नळातून काळं पाणी वाफा टाकत खदानीत पडत होतं.

चंद्रप्रभा धावत गेली, एक चप्पल वाटेत राहिली. मागून बालाजी आला, बसवंत आला, गुणाबाई आली. टँकरजवळ हरिओम उभा होता. सणाच्या दिवशी सगळी माणसं आपापल्या रानात जेवत असतील, आणि कुणी असलं तर आपलंच घरचं असेल, एवढाच हिशोब त्यानं केला होता. चंद्रप्रभाला बघितल्यावर तो नळ बंद करायलाही हलला नाही.

बसवंत मध्ये पडला. हे खताचं पाणी आहे, मीच मागवलंय, माझ्या रानात मी काय ओतीन तो माझा प्रश्न, असं त्याचं म्हणणं. चंद्रप्रभानं त्याच्याशी वाद घातला नाही. फोटो काढले, पडत्या पाण्याखाली बाटल्या धरल्या, हात भाजले, पण धरल्या. मग निटुऱ्यांना फोन लावला, की येऊन हजर राहा आणि नमुन्याची एक बाटली घेऊन जा. निटुरे अतिशय मऊपणानं म्हणाले की आज सुट्टी आहे आणि ते सोलापुरात आहेत. आता पंच हवे होते. जागेवर हजर असलेले, सही करणारे गावातले दोघे. आसपासच्या रानांतून माणसं गोळा झाली होती. तिनं एकेकाला विचारलं. कुणाला दिसलं नव्हतं, कुणाला सही येत नव्हती, कुणाचं जेवण अर्धवट राहिलं होतं. ज्यांच्या विहिरी लाल झाल्या होत्या तीच ही माणसं.

शेवटी गुणाबाई पुढं आली.

"लिव्हा म्याडम," ती म्हणाली. "माजं नाव लिव्हा."

चंद्रप्रभानं तिला बाजूला घेतलं. म्हणाली, "मावशी, पंचनाम्यात गाडी कोण चालवत होतं ते लिहावं लागेल. ते गाळता येणार नाही."

गुणाबाईनं हरिओमकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. मग ती म्हणाली, "त्याचं बी लिव्हा. म्या वाढवलेलं पोरगं हाय ते बी लिव्हा. पर गाडी त्याची न्हाई, पाणी त्याचं न्हाई, हे मोठ्या अक्षरात लिव्हा."

दुसरी सही आरतीनं केली. त्या दिवशी भज्जीचं पातेलं कोपीत तसंच राहिलं. बसवंत जाताना भावजयीला म्हणाला की आजपासून तुझं पाणी मला हराम. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद झालं.

नमुन्याचा अहवाल यायचा तसा आला. या वेळी टँकर कारखान्याच्या आवारातून निघालेला, नळातून पडतं पाणी, जाग्यावरचे पंच, सगळं जुळत होतं. चंद्रप्रभानं बंदची शिफारस केली. साहेबांनी 'तुमचं बरोबर आहे' म्हणून सही केली. फाइल मुंबईला गेली. तिथं सुनावणी लागली, निटुऱ्यांचे वकील आले, तारीख मागून घेतली, पुन्हा आले. इकडं हंगाम चालूच होता, धुराड्यातून धूर निघतच होता. बंदचा आदेश चंद्रप्रभाच्या हातात पडला तेव्हा लातूरला ऊन तापलं होतं.

आदेश घेऊन ती वीज कंपनीच्या माणसांबरोबर कारखान्याच्या फाटकावर गेली. तिला वाटलं होतं, अडवतील, गेटवर पोरं जमतील, म्हणून पोलीस मागवले होते. फाटक सताड उघडं होतं. आत शुकशुकाट. निटुऱ्यांनी थंड पाणी पुढे केलं. मळी संपली, हंगाम संपला, आता दसऱ्यापर्यंत दुरुस्तीची कामं, असं ते म्हणाले. कारखाना आठवड्यापूर्वीच आपणहून बंद झाला होता.

चंद्रप्रभानं बंद कारखाना बंद केला. वायरमननं खांबावर चढून लाइन तोडली. पेपरात दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'डिस्टिलरीला दणका'. वसंतरावांनी कात्रण कापून मित्रांना दाखवलं आणि लेकीला फोन केला. तिनं बाबांना खरं काय ते सांगितलं नाही. फोन ठेवला आणि जीपमध्ये बसून आदेशाची फाइल समोरच्या डॅशबोर्डवर दोनदा आपटली. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत उभा राहिला.

पण खरा घाव पुढंच होता. पावसाळ्यात परत परवानगी मागताना कारखान्यानं आपलं म्हणणं मांडलं. पाणी वाहून नेण्याचं काम कंत्राटदाराकडे होतं. त्याच्या ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला, आणि जमीनमालकाच्या संगनमतानं, परस्पर खदानीत ओतलं. कंपनीला याची कल्पना नव्हती. कंपनीनंच आता ड्रायव्हरविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली आहे. जमीनमालक बसवंत. ड्रायव्हर हरिओम. त्याला आधार म्हणून जोडला होता तो चंद्रप्रभानंच लिहिलेला पंचनामा, ज्यात गुणाबाईनं पुतण्याचं नाव सांगितलं होतं.

हरिओमला पोलिसांनी नेलं, दोन दिवसांनी जामिनावर सोडलं. काम गेलं ते गेलंच. कारखान्याला अटी घालून, हमी घेऊन, दसऱ्याच्या तोंडावर परत परवानगी द्यायचं वर ठरलं.

चंद्रप्रभा साहेबांकडे गेली. म्हणाली की एवढा मोठा कारखाना सुटला आणि सापडला कोण, तर एक ड्रायव्हर. मोठ्या अक्षरात लिहिलेलं वाक्य कुणी वाचलं नाही का? साहेबांनी सुरुवात केली, "तुमचं बरोबर..."

"साहेब, बरोबर आहे हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "पुढचं बोला."

साहेबांनी फाइल पुढं ओढली. मग हळूच म्हणाले की परवानगी थांबवणं आता त्यांच्याही हातात नाही, पण अटी लिहायच्या अजून बाकी आहेत. त्यांत काही घालायचं असेल तर आत्ता घाला, मी सही करतो.

तिनं तिथंच बसून एक अट लिहिली: कारखाना सुरू होण्याआधी खदानीतलं सगळं पाणी आणि तळाचा गाळ कारखान्यानं स्वतःच्या खर्चानं उपसून आत न्यायचा, आणि ते पूर्ण झाल्याचं क्षेत्र अधिकाऱ्यानं जागेवर उभं राहून पाहायचं. साहेबांनी सही केली. तिच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी न अडखळता केलेली ती पहिली सही असावी.

उपसा सुरू झाला. चंद्रप्रभा रोज जाऊन खदानीच्या काठावर उभी राहायची. निटुऱ्यांनी वरचा गाळ काढला, खालचा राहू दिला, आणि झालं म्हणाले. तिनं नाही म्हटलं. त्यांनी आणखी काढला, तिनं पुन्हा नाही म्हटलं. निटुऱ्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. हंगाम सुरू व्हायला उशीर होतोय, एका खड्ड्यापायी शेकडो माणसांचा रोजगार अडवताय, असं ते चारचौघांत बोलले. गावातली माणसंही त्यांच्या बाजूनं कुजबुजली. ती हलली नाही. पांढरा मुरूम लागेपर्यंत तिनं सही दिली नाही.

राहिला हरिओम. तो साक्षीदार झाला, आपल्याला टँकर कुठं न्यायचा हे कुणी सांगितलं ते बोलला, तर केस फिरणार होती. पण तो बोलेना. चंद्रप्रभा बसवंतच्या घरी गेली, तर बसवंतनं तिला दारातूनच परत पाठवलं. तिनं गुणाबाईला काही सुचवलं नव्हतं. त्या बाईकडून आणखी काही मागायचा तिला धीर नव्हता. गुणाबाई आपणहून गेली. येळवशीनंतर पहिल्यांदाच ती दिराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. तिथं काय झालं ते आरतीनं नंतर सांगितलं. गुणाबाई हरिओमला म्हणाली, "म्या तुजं नाव घेतलं, तुला राग हाय. असू दे. पर ज्यानं तुला तिथं धाडलं त्याचं नाव तू घेत न्हाईस, ते का?"

हरिओमनं आठ-दहा दिवस घेतले. मग एक दिवस लातूरच्या ऑफिसात आला आणि चंद्रप्रभासमोर बसून सगळं बोलला. टँकर भरला की निटुरेच फोन करायचे, आज खदान का आज ओढा ते सांगायचे. येळवशीला त्यांनीच सांगितलं होतं, आज कुणी बघायला येत नाही. त्याला परत कामावर घ्यायचं आश्वासन मिळालं होतं, म्हणून तो इतके दिवस गप्प होता. ते आश्वासन अजून कुणी पाळलं नव्हतं.

त्याचा जबाब नोंदवला गेला. खटला औशाच्या कोर्टात उभा राहिला, त्यात आता निटुऱ्यांचंही नाव होतं. म्हणजे एवढं झालं. त्यापुढं तारखा. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वकील आजारी, कधी प्रयोगशाळेच्या माणसाला समन्स पोचलेलं नाही. चंद्रप्रभा प्रत्येक तारखेला हजर राहायची. प्रत्येक वेळी काळ्या कोटातला माणूस दारात येऊन पुढची तारीख सांगायचा, आणि ती दाढा आवळून जिना उतरायची.

परवाच्या तारखेलाही तसंच झालं. खाली गुणाबाई आणि हरिओम उभे होते. हरिओम आता औशाच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मालाची गाडी चालवतो. बसवंत अजून भावजयीशी बोलत नाही, पण पोराला अडवत नाही. तिघं समोरच्या हॉटेलात चहाला गेले. विहिरीच्या पाण्याचा रंग या पावसाळ्यानंतर थोडा उतरलाय, असं गुणाबाईनं सांगितलं. जनावरं तोंड लावतात, माणसाला अजून चालत नाही. चंद्रप्रभालाही अहवालावरून तेवढंच माहीत होतं.

"सजा व्हईल का त्यास्नी?" गुणाबाईनं विचारलं.

चंद्रप्रभानं कप खाली ठेवला. धीर द्यायचं एखादं वाक्य तिच्या ओठावर आलं होतं, ते तिनं गिळलं. "माहीत नाही मावशी. मला खरंच माहीत नाही."

गुणाबाईनं मान हलवली. तिला वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. मग हरिओम बोलला. टँकर आता लिंबसांगवीकडं येत नाहीत, पण माळाच्या पलीकडच्या बाजूला, तांड्याच्या वाटेनं जाताना त्यानं दोनदा पाहिलेत. नवा ड्रायव्हर आहे, त्याच्याच ओळखीचा, अजून लग्न व्हायचंय त्याचं.

चंद्रप्रभा त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला जाणार होती. मुकुलला तसा फोनही केलेला होता. तिनं त्याला परत फोन लावला, उद्या येते म्हणाली, आणि का ते त्यानं विचारलं नाही. मग तिनं हरिओमला विचारलं की त्या तांड्यावर कुणाची विहीर आहे, आणि ती माणसं बोलतील का.

"बोलणार न्हाईत," हरिओम म्हणाला. "लगीच तर न्हाईच."

"चला तर मग," चंद्रप्रभा म्हणाली, आणि पिशवी उचलून जीपकडे निघाली.